पातेल्याच्या बुडावर पाच देश

मी नक्की काय काम करते हे आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींत कोणालाच धड सांगता येत नाही. काहींना वाटतं मी बँकेत आहे, काहींना वाटतं कुठल्यातरी वकिलातीत. माझ्या सासूबाई पुण्यात सगळ्यांना सांगतात, सून दुबईत मदत खात्यात आहे. त्यातल्या त्यात त्यांचं उत्तर बरोबरच्या जवळ जातं, म्हणून मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

काम असं. एका देशात काही वर्षं युद्ध चालू आहे. देशाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहीत नाही, कारण ती माणसं अजून तिथेच राहतात. पाच देशांची सरकारं तिथल्या लोकांसाठी पैसे देतात, पण आपापले वेगळे देत नाहीत. सगळे एकाच हौदात ओततात. त्या हौदाची व्यवस्था आमचं ऑफिस बघतं. तिथे बसून हे काम करणं आता शक्य नाही, म्हणून ऑफिस दुबईत आहे. तिथल्या लहान लहान संस्था अर्ज करतात, आम्ही तपासतो, गरज बघून पैसे सोडतो. एकदा हौदात पडलं की कुठला थेंब कोणाचा हे विचारायचं नसतं. या पद्धतीचा सगळा फायदा त्यातच आहे. एका देशाला फक्त शाळांना पैसे द्यायला आवडतात, दुसऱ्याला फक्त विहिरींना, आणि पीठ कोणालाच आवडत नाही, कारण पिठाचा फोटो चांगला येत नाही. हौद असला की पिठालाही पैसे मिळतात.

विचारायचं नसतं, तरी सगळे विचारतात. गेल्या वर्षी त्यावरून मी चांगलीच अडकले होते.

आमच्या पैशांवर चालणाऱ्या संस्थांत एक अन्नछत्र होतं. चालवणाऱ्या बाई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. शाळा बंद पडली तेव्हा त्यांनी शाळेच्या पटांगणात शेजारच्या बायका जमवून चूल मांडली, आणि आसपासच्या गल्ल्यांतली माणसं दुपारी तिथे मसुराची आमटी आणि रोटी न्यायला येऊ लागली. मी त्यांना कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. फोनवर मी त्यांना उस्ताझा म्हणते, म्हणजे अरबीत शिक्षिका. मनात मात्र मी त्यांना मोठ्या बाई म्हणते. आमच्या शाळेतल्या मोठ्या बाईंसारखाच त्यांचा आवाज आहे. त्या बोलायला लागल्या की मी खुर्चीत सरळ बसते.

त्यांचा अर्ज मंजूर झाला, पहिला हप्ता गेला, पीठ-मसूर-तेल-गॅस सुरू झालं. अडचण पातेल्यांची होती. मोठी पातेली भाड्याने आणलेली होती आणि त्यांचा मालक शहर सोडून चालला होता. जाताना तो ती मोडीत विकणार होता. तिथल्या बाजारात तेवढी मोठी पातेली मिळत नव्हती. दुबईच्या गोदामातून त्या देशात औषधं, ताडपत्र्या, पाण्याच्या टाक्या असं सामान जात असतं. त्यात सहा पातेली सहज बसली असती. आमच्या साहेबांनी लगेच होकार दिला. मला वाटलं, झालं काम.

मग नियम आला. हौदाच्या पैशांतून जी टिकाऊ वस्तू घेतली जाते तिच्यावर पाचही देशांची खूण हवी. वस्तू जागेवर पोचली की खुणेसकट फोटो यायला हवा. फोटो आला की दुसरा हप्ता. म्हणजे आधी पातेल्यांवर स्टिकर, मग चुलीला गॅस. आणि पहिल्या हप्त्यातला गॅस संपत आला होता.

मी मोठ्या बाईंना फोन करून स्टिकरचं सांगितलं. त्या सरळ नाही म्हणाल्या.

"का?" मी विचारलं.

सामान उतरतं तिथून शाळेपर्यंत मध्ये एक चौकी आहे, त्या म्हणाल्या. बंदूकवाले प्रत्येक गाडी थांबवतात, प्रत्येक पोतं उघडतात. "घरची भांडी म्हणून नेली तर भांडी पुढे जातात. परदेशी सरकारची म्हणून नेली तर ती तिथेच राहतात. आणि कुठे चालली होती, ते ती माणसं लक्षात ठेवतात."

मी म्हटलं, फोटो काढून लगेच स्टिकर खरवडून टाकले तर?

"चौकी आधी येते, शाळा नंतर," त्या म्हणाल्या. "या उख्ती," म्हणजे ताई, "माझ्याकडे जेवायला येतात त्या बायकांना कोणी लक्षात ठेवू नये, एवढंच मला हवंय. तुमच्या पाच देशांना सांगा."

पाच देशांना सांगणं हे माझंच काम असल्यामुळे मी सांगितलं. आठवड्याच्या बैठकीला त्यांचे प्रतिनिधी येतात. चार जणांनी मान हलवली, ठीक आहे, सुरक्षेचा प्रश्न आहे म्हणाले. पाचवे अडले. हे गृहस्थ ऑगस्टमध्येही कोट घालून येतात, आणि आमचं ऑफिस पार्किंगपासून लांब आहे, म्हणून आम्ही आपसात त्यांना कोटवाले म्हणतो. माणूस वाईट नाही. त्यांचं म्हणणं असं, की त्यांच्या देशातले लोक दरवर्षी विचारतात, आपला पैसा गेला कुठे? त्यांना हौद दाखवता येत नाही, नाव दाखवता येतं. त्यांनी हे सांगितल्यावर बाकीच्या चौघांचाही विचार बदलू लागला, कारण एकाचं नाव येणार असेल तर आपलं का नको?

साहेब म्हणाले, अपवाद करायची सोय नियमांत आहे, पण त्यासाठी पाचही राजधान्यांतून सह्या लागतात. किती दिवस, मी विचारलं. साहेबांनी हात वर केले आणि इन्शाल्ला म्हणाले. साहेब अरब नाहीत, पण उत्तर नसलं की तेही आता तेच म्हणतात.

त्या शुक्रवारी दुबईतल्या अल कुसैसला आमची भिशी होती. आम्ही राहतो शारजात, पण भिशी नेहमी अल कुसैसला, कारण बाकी सगळ्या तिथे राहतात आणि शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकायची एकटी मी पुरते. माझा चेहरा बघून यजमानीणबाईंनी काय झालं विचारलं. मी नावगाव न घेता थोडक्यात सांगितलं. सांगून संपेपर्यंत दोघींनी पर्स उघडल्या होत्या.

"पातेल्याला किती पडतात?"

"तीनशे दिरहम," मी म्हटलं.

"म्हणजे सात हजार रुपये. अगं मग काढू की वर्गणी. ग्रुपवर टाकते आत्ता."

मी तिच्या हातातून फोन काढूनच घेतला. इथे परवाना असलेली संस्था सोडून कोणालाही मदतीसाठी पैसे गोळा करता येत नाहीत, ग्रुपवर मेसेज टाकणंही गोळा करण्यातच धरतात. आपल्याकडे गणपतीपासून गल्लीतल्या दिव्यापर्यंत सगळ्याला वर्गणी काढतात, त्यामुळे हे कोणाच्या डोक्यात शिरत नाही. मी त्यांना सांगितलं, पैसे आहेत, पैशांचा प्रश्नच नाही, प्रश्न नावांचा आहे.

"मग यात काय एवढं," यजमानीणबाई म्हणाल्या. त्यांनी समोरचा फराळाचा डबा रिकामा केला आणि उपडा करून दाखवला. बुडावर त्यांच्या आईचं नाव कोरलेलं होतं, खाली लग्नाची तारीख. "नाव असं घालायचं. एकदा चुलीवर चढलं की काळं होतं. आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही."

मला ते एकदम पटलं. तिथूनच साहेबांना मेसेज केला, त्यांनी कोटवाल्यांना विचारलं, आणि भिशीचा चहा होईपर्यंत उत्तर आलं: बुडावर चालेल, कोरलेलं असेल तर उलट चांगलं, टिकेल. फक्त पाचही नावं हवीत आणि फोटो हवा. यजमानीणबाईंनी घराजवळच्याच एका भांड्यांच्या दुकानाचा पत्ता दिला. दुकानदार आपल्याकडचा, सोलापूरचा. नावं फुकट घालून देतो.

मोठ्या बाईंना विचारायचं मात्र राहून गेलं. माझं म्हणणं होतं की नाव बुडाखाली गेलं म्हणजे प्रश्न मिटला.

शनिवारी सकाळी नवऱ्याची व्हॅन घेऊन आम्ही दोघं दुकानात गेलो. नवऱ्याचा एसी दुरुस्तीचा धंदा आहे, त्यामुळे व्हॅनमध्ये शिडी आणि पाइप होते, ते त्याने कुरकुर करत बाजूला केले. दुपारपर्यंत पातेली गोदामात पोचवायची होती, कारण दुसऱ्या दिवशी विमान होतं. दुकानदार भाऊंनी सहा पातेली काढून ठेवलीच होती. त्यांनी कोरायचं मशीन लावलं, पातेलं उपडं घातलं आणि म्हणाले, "सांगा ताई."

मी एकेक देशाचं नाव सांगायला लागले. तेवढ्यात गोदामातून फोन आला. गेट पासवर गाडीचा नंबर चुकला होता. मी एका कानाने गेट पासवाल्याशी हिंदीत भांडत होते आणि मध्येमध्ये भाऊंना पुढचं नाव सांगत होते. पाच नावं झाल्यावर त्यांनी विचारलं, "पुढे काय घालू?"

"नेहमी घालता ते घाला," मी म्हटलं आणि सिग्नल मिळेना म्हणून फुटपाथवर गेले.

गेट पासचं निस्तरून परत आले तेव्हा सहाही पातेली तयार होती. भाऊंचा हात फार जलद. मी त्यांना मनापासून शाबासकी दिली, पैसे दिले, बिल घेतलं. नवरा पातेली व्हॅनमध्ये चढवत होता. दुसरं पातेलं उचलताना तो थांबला आणि लग्नात आहेर वाचून दाखवतात तशा आवाजात वाचू लागला. एका ओळीत पाच देश, ठसठशीत देवनागरीत. खाली: यांजकडून सप्रेम भेट.

"तिकडे मराठी वाचतात का गं?" त्याने विचारलं.

मी भाऊंकडे बघितलं, भाऊंनी माझ्याकडे. मी मराठीत सांगितलं, त्यांनी मराठीत कोरलं. दोघांपैकी एकाच्याही मनात दुसरी भाषा आली नव्हती. भाऊ कसेनुसे झाले. म्हणाले, "ताई, आयुष्यात इंग्रजीत दोनदाच घातलंय, दोन्ही वेळा बघून." पुसता येईल का विचारलं तर म्हणाले, बूड घासावं लागेल, वेळ लागेल आणि बूड पातळ होईल. पातळ बुडाचं पातेलं अन्नछत्राला देण्यात अर्थ नव्हता. नवी सहा पातेली दुकानात नव्हती. गोदाम बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता.

"यल्ला," नवरा म्हणाला, "बस गाडीत. जे झालं ते झालं."

गाडीत बसल्यावर मी आधी मोठ्या बाईंना फोन लावला. साहेबांना नंतर सांगता आलं असतं, पण विमानात माल चढण्याआधी त्यांचा होकार हवा होता. मी म्हटलं, स्टिकर नाहीत, पण नावं बुडावर कोरली आहेत, खालच्या बाजूला, कोणाला दिसणार नाहीत.

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कधी मोठी पातेली गाडीवरून नेताना बघितली आहेत का?"

बघितली होती. माझ्या मागेच सहा होती. सगळी उपडी, बुडं वर.

मग मी दुसरी चूकही सांगून टाकली आणि एका पातेल्याचा फोटो पाठवला. फोटो पोचला असेल-नसेल तेवढ्यात फोनवर एक आवाज आला. मला वाटलं लाइन खराब आहे. त्या हसत होत्या. एवढ्या महिन्यांत मी त्यांना हसताना कधी ऐकलं नव्हतं.

"हे काय लिहिलंय?"

"पाच देशांची नावं. माझ्या भाषेत."

"इथे हे कोण वाचू शकतं?"

मी विचार केला. युद्धापूर्वी तिथे भारतीय होते, डॉक्टर, कंत्राटदार, मुकादम. सगळे निघून आले होते. "तुमच्या शहरात? कोणीच नाही," मी म्हटलं. "इथे घरात माझी मुलगीसुद्धा अडखळत वाचते."

"मग पाठवा," त्या म्हणाल्या. "आणि आता काही सुधारू नका."

पातेली विमानात गेली. सोमवारी मी बैठकीत फोटो मोठा करून पडद्यावर लावला आणि काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं: आधी चूक, मग चुकीचा उपयोग. लपवण्यात अर्थ नव्हता, पडद्यावर सप्रेम भेट हातभर लांब दिसत होती. कोटवाले पुढे झुकून बघत होते. ते काय म्हणतात यावर दुसरा हप्ता होता, आणि मोठ्या बाईंकडे त्या सकाळी शेवटचं सिलिंडर लागलं होतं.

साहेबांनी नियम वाचला. खूण ठळक दिसली पाहिजे. दिसते का? दिसते, सगळे म्हणाले. वाचता आली पाहिजे का? नियमात तसं काही नव्हतं.

"वाचता येते," मी म्हटलं. "आठ-नऊ कोटी लोकांना येते. फक्त ते दुसरीकडे राहतात."

कोटवाले अजून हसले नव्हते. त्यांनी विचारलं, "यातला माझा देश कुठला?"

मी पडद्याजवळ जाऊन दाखवला. त्यांच्या देशाचं नाव लांबलचक आहे. भाऊंनी ते बुडाच्या कडेने छान वळवून घेतलं होतं. त्यांनी अक्षरं मोजली, प्रत्येकाचा उच्चार विचारला. मग शेजारच्या बाईंनी आपला देश विचारला, मग सगळ्यांनीच. एकाचं नाव फार छोटं निघालं म्हणून तो थोडा हिरमुसला. पाचही जण पडद्यासमोर उभे राहून बाराखडी शिकत होते आणि साहेब घड्याळ बघत होते.

शेवटी कोटवाले जागेवर बसले. म्हणाले, मी माझ्या लोकांना हा फोटो दाखवीन, पण शहराचं नाव न सांगता, आणि इंटरनेटवर टाकू देणार नाही. हे त्यांनी आपणहून म्हटलं, आमच्यापैकी कोणी सुचवलं नव्हतं. मग म्हणाले, पातेली जागेवर पोचल्याचा फोटो मात्र हवा. तो आला की माझी हरकत नाही.

म्हणजे आता सगळं चौकीवर होतं.

पुढचे काही दिवस मी दर थोड्या वेळाने फोन बघत होते. मुलीच्याही ते लक्षात आलं. तिला वाटलं ऑफिसात काहीतरी बिनसलंय. मी सांगितलं, पातेल्यांची वाट बघतेय. "ममा, इट्स जस्ट पॉट्स," ती म्हणाली. मी म्हटलं, हो, पण तुझा डबा कशात शिजतो? त्यावर तिने हेडफोन लावले. दरम्यान मोठ्या बाईंकडे गॅस संपला. शाळेची मोडकी बाकं फोडून त्यांनी सरपण केलं. हे मला त्यांनी सांगितलं नाही, त्यांच्याबरोबरच्या एका बाईंनी सांगितलं, आणि बाकं आता फार उरलेली नाहीत हेही.

गुरुवारी फोटो आला. पटांगणात सहा पातेली, उपडी, एका रांगेत. मागे बायकांचे फक्त पाय दिसत होते, कारण चेहरे घ्यायचे नाहीत असं मोठ्या बाईंनी बजावलं होतं. मी फोटो साहेबांना पाठवला, साहेबांनी पाचही जणांना. कोटवाल्यांचं उत्तर सगळ्यात आधी आलं. एकच शब्द होता: मंजूर.

मी मोठ्या बाईंना फोन लावला आणि चौकीवर काय झालं ते विचारलं. झालं असं, की बंदूकवाल्या पोराने गाडी थांबवली, वरच्या पातेल्यावर हात फिरवला आणि हे काय विचारलं. मोठ्या बाई गाडीबरोबर स्वतः चालत गेल्या होत्या. त्या म्हणाल्या, हिंदुस्तानी माणसाच्या दुकानातली पातेली आहेत, ते लोक भांड्यांवर असंच लिहितात. यात एकही शब्द खोटा नव्हता. पोराने आत वाकून बघितलं, आत काही नव्हतं. त्याने गाडी सोडली.

"त्याने मला ओळखलं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्याच्या बहिणीला मी गणित शिकवलंय."

मग त्यांनी विचारलं, खालच्या ओळीत काय लिहिलंय? देशांची नावं मी सांगितली होती, ती ओळ राहिली होती. मी माझ्या ऑफिसच्या अरबीत जमेल तसं सांगितलं: यांच्याकडून, प्रेमाने दिलेलं.

"हे सरकारांनी लिहायला सांगितलं?"

"नाही," मी म्हटलं. "दुकानदाराने आपलं आपण घातलं."

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या. "आता गॅसचं बोला."

मी म्हटलं, पैसे सोमवारी सुटतील. त्यांनी विचारलं, सोमवारी नक्की की इन्शाल्ला सोमवारी? मी म्हटलं, नक्की. सोमवारी सकाळी मी ऑफिसात गेले, हप्ता सोडायच्या कागदावर साहेबांची सही होईपर्यंत त्यांच्या टेबलापुढे उभी राहिले, आणि मगच चहा घेतला.